मिशनचे मास्तर आणि झेडपीच्या बाई

प्रिय लेकी,
सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि फोन करण्यापेक्षा लिहूनच पाठवावं असं ठरवलं, कारण फोनवर तू नुसतं हो मावशी हो मावशी करतेस आणि खरं काय ते पोटातच राहतं. आधी अभिनंदन. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले, मग यादी लागायची वाट बघत बसलीस, आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस, घरापासून लांब का होईना. तुझी आई फोनवर रडत होती गं, आनंदानं.

तू तीन गोष्टी विचारल्यात. परिपाठाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडायचे की नाही, दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाचं काम तुझ्याकडे आलंय त्याचं काय करायचं, आणि आपल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात की देवानं तुला त्या गावात सुवार्तेसाठीच, म्हणजे येशूचा संदेश सांगायलाच पाठवलंय, तर शाळेत कसं सांगायचं. शेवटच्यापासून सुरू करते कारण तो सगळ्यात अवघड आहे, बाकीचे दोन त्यामानाने सोपे.

बघ, आपल्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या लोकांच्या डोक्यात शिक्षक म्हटलं की मिशनचे मास्तर येतात. 1831 ला अमेरिकन मिशन नगरला आलं आणि पुढे खेडोपाडी, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत शाळा निघाल्या, तिथले मास्तर आठवडाभर बाराखडी शिकवायचे आणि रविवारी उपासनाही तेच घ्यायचे, माणूस एकच, काम दोन. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा होत्या, त्या बघून जोतीरावांना आपणही मुलींची शाळा काढावी असं वाटलं आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंगही फरारबाईंकडे घेतलं. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तुलाही असू दे, आपली माणसं शिकली ती त्या मास्तरांमुळे. पण ती शाळा मिशनची होती, पैसा मिशनचा होता, आणि पोरगं तिथं पाठवणाऱ्या बापाला माहीत होतं की इथं काय शिकवतात. तुझी शाळा सरकारची आहे. संविधानाच्या कलम 28 मध्ये सरळ लिहिलंय की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. कुणाच्याच धर्माचं नाही. ख्रिस्ती संस्थांच्या अल्पसंख्याक शाळा वेगळ्या, त्यांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क देणारं कलम 30 आहे, तिथलं उदाहरण तुझ्या शाळेला लावू नकोस आणि कुणी लावलं तर ऐकू नकोस.

आणि कायदा बाजूला ठेव, मला त्याहून मोठं कारण वाटतं ते सांगते. पहिलीतलं पोर बाईंना खूश करायला काहीही म्हणतं. तू म्हणालीस डोळे मिट तर डोळे मिटेल, तू म्हणालीस येशू म्हण तर येशू म्हणेल, उद्या दुसऱ्या बाई आल्या तर त्या म्हणतील ते म्हणेल. त्याच्या हातात नाही म्हणायची ताकदच नसते, मग त्याच्या हो ला काय किंमत? येशूनं कुणालाही असं ओढून आणलं नाही, सगळं विकून माझ्यामागे ये म्हटल्यावर बायबलमधला तो तरुण श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला तरी त्याला जाऊ दिलं. तुझ्या हातात हजेरी आहे, मार्क आहेत, वर्गात कुणाला पुढे बसवायचं हे आहे, आणि ते हातात असताना विश्वासाची गोष्ट पोराच्या गळी उतरवणं हे मला सुवार्ता वाटत नाही. पाळकसाहेबांना हेच सांग, आदराने सांग, ते वाईट मनानं बोलत नाहीत. त्यांना म्हण की मंडळीनं माझ्या शाळेसाठी प्रार्थना करावी, वर्गातल्या पोरांसाठी करावी, पण शाळेत भेट द्यायला, पत्रकं वाटायला कुणी येऊ नये.

मग काही गोष्टी आत्ताच ठरवून टाक म्हणजे पुढे घोळ होत नाही. नाताळाला वर्गात चॉकलेट वाटायचं असेल तर तुझ्या वाढदिवसाला वाटतेस तितकंच आणि तसंच, सोबत बायबलच्या वचनाचं कार्ड नको. पोरांना चर्चच्या प्रोग्रॅमला बोलवू नकोस, चर्चच्या हॉलमध्ये ट्युशन घेऊ नकोस, फुकट असली तरी नको. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेचं सोडून काही टाकायचं नाही, तुझ्या स्वतःच्या स्टेटसला वचन ठेवलंस तर तो तुझा प्रश्न पण ग्रुप हा शाळेचा आहे. मंडळीला पोरांना वह्या नाहीतर स्वेटर द्यायचे असतील तर मुख्याध्यापकांना पत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि वस्तूवर कुणाचंही नाव छापलेलं नको. हे मी तुला घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. सध्या वातावरण असं आहे की ख्रिश्चन बाईनं साधा खाऊ वाटला तरी एखादा धर्मांतर म्हणून ओरडू शकतो, आणि त्या वेळी तुझ्यामागे उभं राहणारं कोण, तर तो ठराव आणि गावातल्या त्या चार आया ज्यांना तू कशी आहेस ते माहितीये.

पण याचा अर्थ लपून राहायचं असा अजिबात नाही हं. मला तुझी भीती तिथंच वाटते. तू लिहिलंयस की स्टाफमध्ये अजून कुणाला सांगितलं नाहीये, आडनावावरून कळत नाही म्हणून बरंय. बरं नाहीये लेकी. लपवलेली गोष्ट सहा महिन्यांनी दुसऱ्याकडून कळली की लोक म्हणतात बघा हिनं लपवलं, म्हणजे काहीतरी असणार. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी सहज सांगून टाकायचं, रविवारी कुठे जाता विचारलं की उपासनेला जाते, संपलं. पोरं तर विचारणारच, बाई तुम्ही टिकली का नाही लावत, बाई तुमच्या मंगळसूत्रात ते काय आहे. तेव्हा एका वाक्यात खरं उत्तर, आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून, आणि लगेच पुढचा धडा. खोटं बोलायचं नाही आणि ताणायचंही नाही. मोठं माणूस मनापासून विचारायला लागलं, शाळेबाहेर, त्याच्या इच्छेनं, तर बायबलमध्ये पेत्र सांगतो तसं सौम्यपणे उत्तर द्यायचं, तो तुझा हक्क आहे, धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 तुलाही आहेच. आणि एखादी आई येऊन म्हणेल बाई माझ्या लेकरासाठी तुमच्या देवाला सांगा, तर हो म्हण आणि रात्री घरी मनापासून प्रार्थना कर, वर्गात त्याच्या डोक्यावर हात ठेवून नको.

आता परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, राज्यगीत, यात काही प्रश्नच नाही, खणखणीत आवाजात म्हण आणि पोरांकडून नीट म्हणवून घे. पसायदानाबद्दल माझं मत विचारशील तर मी नोकरीभर म्हटलं, सगळ्यांचं भलं मागण्यात माझ्या विश्वासाला कधी धक्का बसला नाही. तुला दुसरं वाटू शकतं. एखाद्या देवतेच्या प्रार्थनेला मात्र तुझं मन तयार नसेल तर शांत, सरळ, आदराने उभी राहा, हात न जोडता. याला आधार आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत, त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडली, ते मुंबई हायकोर्टात गेले आणि 2013 ला कोर्टानं सांगितलं की हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही. त्याच्याआधी 1986 ला केरळच्या तीन मुलांची केस सुप्रीम कोर्टात गाजली होती, यहोवाचे साक्षीदार पंथाची मुलं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेतून काढली होती, कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. दोन्हीकडे उभं राहण्यात आदर होता हे लक्षात ठेव, मोबाईल बघत किंवा तोंड फिरवून उभं राहणं वेगळं. आणि हे निकाल माहिती असावेत म्हणून सांगितले, उद्या सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटायला नाही.

सरस्वतीपूजनासाठी तुला बायबलमधला दानीएल आठवायला सांगते, संडे स्कूलमध्ये तूच त्याची गोष्ट छान सांगायचीस. बाबेलच्या दरबारात तो सरकारी नोकरच की. राजाचं अन्न खायचं नाही हे त्यानं मनात ठरवलं, पण पंगतीत ताट भिरकावलं नाही, आधी अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली, दहा दिवस आम्हाला भाजीपाला देऊन बघा म्हणाला, अधिकाऱ्याची मान अडकणार नाही असा रस्ता स्वतःच काढून दिला. तसंच कर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाही, आठ दहा दिवस आधी, मुख्याध्यापक एकटे असताना जा आणि म्हण, सर पूजा माझ्या हातून होणार नाही, पण पाटीपूजनाची सगळी तयारी मी करते, रांगोळी, पोरांना ओळीत बसवणं, खाऊ वाटणं, फक्त प्रत्यक्ष पूजा दुसऱ्या मॅडम करतील का. माझ्या अनुभवात दहातले नऊ जण हो म्हणतात आणि वर कौतुकही करतात की आधी सांगितलंत. चारचौघात ऐनवेळी नाही म्हटलेलं मात्र कुणालाच पचत नाही. प्रसादाचं तुझं तू ठरव, बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर आख्खा अध्याय लिहिलाय, आपले लोकही दोन्ही बाजूंचे आहेत, तू जे ठरवशील त्यात दुसऱ्याला कमी लेखू नकोस एवढंच. आषाढीच्या दिंडीत पोरांना सांभाळत चाललीस तर काही बिघडत नाही असं माझं मत, रस्त्यावर पोरं सोडून तू बाजूला उभी राहिलीस तर ते मात्र बिघडेल.

रूमचं वाचून वाईट वाटलं. दोन ठिकाणी आधी हो म्हणून नंतर नाही म्हणाले, आणि एका बाईनं विचारलं की ख्रिश्चन म्हणजे आधीचे कोण. हा प्रश्न तुला नोकरीभर ऐकावा लागेल, धर्माच्या नावाखाली जातच विचारतात, आणि धर्म बदलून शंभर वर्षं झाली तरी गाव विसरत नाही. सरकारही एका हातानं विसरतं आणि दुसऱ्या हातानं नाही, 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, पुढे 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्याला आजही नाहीत. म्हणून कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चाललंय, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, पोटाची अडचण मी जवळून पाहिलीये. पण तुझे कागद सरळ आहेत, तू खुल्या जागेवर मेरिटनं लागलीस, ते कागद तसेच सरळ ठेव, सेवापुस्तकात धर्माच्या रकान्यात जे खरं आहे तेच जाऊ दे. त्या बाईला उत्तर काय द्यायचं? द्यायलाच पाहिजे असं नाही, पण दिलंस तर मान खाली घालून देऊ नकोस.

रविवारचं थोडक्यात. शिष्यवृत्ती परीक्षा सहसा रविवारी येते, बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम आलं तर तेही रविवारी येतं, इलेक्शन ट्रेनिंगही. जायचं. दरवेळी चर्चचं कारण सांगितलंस तर उद्या खरंच लागेल तेव्हा कुणी ऐकणार नाही. गुड फ्रायडे आणि पंचवीस डिसेंबरची सुट्टी यादीत आहेच, नाताळाला जोडून किरकोळ रजा हवी तर अर्ज नोव्हेंबरमध्येच दे, कारण डिसेंबरात सहली, गॅदरिंग, केंद्राच्या क्रीडा स्पर्धा सगळं एकदम येतं. आणि तुझ्या सहकाऱ्यांना गौरी गणपतीत, दिवाळीत घरी लवकर जायचं असतं, तेव्हा त्यांचं काम तू आपणहून घे. पुढच्या नाताळाला ते तुझं घेतील.

आता माझा प्रश्न. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये तुझ्या वर्गाबद्दल एक ओळ नाहीये. पट किती, वाचता न येणारी किती, जोडाक्षरावर अडणारी कोण, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी कोण, त्यांचं हंगामी वसतिगृहाचं बघितलंस का, काहीच नाही. मला कळतं की नवीन ठिकाणी डोक्यात हेच चालू असतं, पण दानीएलाचे शत्रू त्याच्या कारभारात खोट शोधायला गेले आणि त्यांना सापडली नाही असं लिहिलंय, तुझा कारभार म्हणजे ती पोरं. तुझी पोरं घडाघड वाचायला लागली ना, तर हात जोडले की नाही हे गाव विचारत नाही, हे मी होताना बघितलंय.

तर या रविवारी उपासना झाली की वर्गाची यादी मला पाठव, पुढे ज्याला त्याला काय येतं ते लिहून, वाचन आणि वजाबाकी एवढंच पुरे. माझ्याकडे जुने अक्षरकार्डांचे संच आहेत ते एसटीनं पार्सल करते. आणि रूमचं अजून जमलं नसेल तर गावाचं नाव नीट लिही, त्या तालुक्यात माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड केंद्रप्रमुख राहतात, त्यांना मी आजच फोन लावते.

तुझी,
मावशी