हळदीचा पिवळा आणि स्टुडिओचे नाव

प्रश्न : घणसोली गावात माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि मुख्य काम लग्नांचे आहे. परिसरात फोटोग्राफर इतके वाढले आहेत की चौकशीचा प्रत्येक फोन ‘पॅकेज कितीचं?’ इथून सुरू होतो आणि ‘अमुक जण यापेक्षा कमीत करतो’ इथे संपतो. एका डिझायनरने लोगो, व्हिजिटिंग कार्ड, अल्बमची पेटी आणि इन्स्टाग्रामचे पान असे सगळे ‘ब्रँडिंग’ करून देण्यासाठी मोठी रक्कम सांगितली आहे. हा खर्च करावा का? स्टुडिओचे नाव सध्या गावाचे नाव आणि त्यापुढे ‘डिजिटल फोटो’ असे आहे. तेही बदलावे का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : हा खर्च आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या कामाला स्वतःची ओळख नाही त्यावर कितीही देखणा लोगो लावला, तरी ग्राहक दरच विचारणार, कारण दोन फोटोग्राफरांमध्ये दराखेरीज दुसरा फरक त्याला दिसलेलाच नसतो. तुमच्या अलीकडच्या लग्नांतले काही फोटो आणि परिसरातील इतरांचे काही फोटो नावे झाकून शेजारी शेजारी ठेवा आणि या व्यवसायात नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला तुमचे फोटो ओळखायला सांगा. त्याला ते ओळखता आले नाहीत, तर अडचण कुठे आहे हे तुमच्या लक्षात येईल.

हा सारखेपणा येतो कुठून? बहुतेक वेळा तो संपादनातून येतो. इंटरनेटवरून घेतलेले तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या ठरीव मांडण्या, सावल्यांना निळसर-हिरवट छटा देतात आणि त्वचेला नारिंगी करतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या जोडप्याला ते कदाचित शोभेल, पण हळदीच्या फोटोंची त्याने पार वाट लागते. हळदीचा पिवळा विटकरीकडे झुकतो, तोरणातल्या आंब्याच्या पानांचा हिरवा मळकट होतो, आणि त्यात मांडवातल्या जांभळ्या-गुलाबी दिव्यांची भर पडली की नवरीच्या गालावर नेमके काय लावले आहे हेच कळेनासे होते. ज्या समारंभासाठी घरच्यांनी एवढा घाट घातला, त्याचा मूळ रंगच अल्बममध्ये उरत नाही.

तुमची वेगळी ओळख इथेच उभी राहू शकते, असे मला वाटते. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या पट्ट्यातल्या जुन्या गावांत आगरी-कोळी घरांतली हळद हा काही लग्नाआधीचा किरकोळ कार्यक्रम नसतो. कित्येक घरांत लग्नापेक्षा हळदीलाच गर्दी जास्त असते. धवलारीण धवले, म्हणजे विधीची पारंपरिक गाणी, गात असते तेव्हा बहुतेक कॅमेरे नवरीवरच रोखलेले असतात, आणि जिच्या आवाजावर सगळा विधी चाललेला आहे ती बाई फोटोच्या कडेला अर्धी कापलेली दिसते. कोणत्या गाण्यानंतर काय होणार, कोणत्या आजीला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, बँजो पार्टी सुरू झाल्यावर अंगणात कुठे उभे राहायचे, हे गावात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते. मुंबईहून येणाऱ्या फोटोग्राफरला महागडी लेन्स घेऊनही ते मिळत नाही. म्हणून तुमच्या पानावर आणि नमुना अल्बममध्ये हळद आघाडीला ठेवा. वाढदिवस, बारसे, दुकानांचे फोटो अशी कामे पोटासाठी जरूर करा, पण ती तिथे दाखवू नका.

पिवळा मात्र पिवळाच आला पाहिजे. विधी सुरू होण्यापूर्वी, मांडवातल्या ज्या उजेडात तो होणार आहे त्याच उजेडात करड्या कार्डाचा फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग खरे यावेत यासाठीची कॅमेऱ्यातली मांडणी) हाताने ठरवावा. तो कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. रंगीत दिवे विधीपुरते बंद ठेवण्याची विनंती मांडववाल्याला घरच्यांमार्फत आधीच करावी. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरवर फोटोत काळे पट्टे उमटतात. अशा वेळी शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवल्यास बहुतेक ठिकाणी हे पट्टे टळतात. याशिवाय प्रत्येक कुटुंबाला हमखास मिळतील असे मोजके फोटो ठरवून टाका : धवलारणीचा पूर्ण चेहरा, हळद लावणाऱ्या हातांचा जवळून घेतलेला फोटो, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचा निवांत फोटो. आणि अल्बम सांगितलेल्या तारखेलाच द्या. या धंद्यात एवढ्याने सुद्धा माणूस उठून दिसतो, ही काही भूषणाची गोष्ट नाही, पण वस्तुस्थिती आहे.

नाव मात्र बदलावे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ ठिकाण किंवा सेवेचे स्वरूप सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा नाकारली जाते, आणि तुमच्या नावात हे दोन्ही आहे. उद्या शेजारच्या गल्लीत कोणी जवळजवळ तेच नाव लावले, तर त्याला अडवणे कठीण जाईल. फोटोग्राफीशी थेट संबंध नसलेला, उच्चारायला सोपा शब्द निवडा आणि नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग ४१ मध्ये, म्हणजे फोटोग्राफीची सेवा ज्यात मोडते त्या वर्गात, तो आधीच कोणी घेतला आहे का ते पाहा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. पुढे नूतनीकरण करता येते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहिता येते, परंतु वर्तुळातला ‘आर’ प्रत्यक्ष नोंदणी झाल्याशिवाय लावू नये. नवे नाव आणि त्याखाली एका हंगामाचे एकसूत्री काम जमा झाले की डिझायनरला बोलवा. त्याच्यापुढे ठेवायला तेव्हा तुमच्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात नवजात बाळांचे फोटो काढते. माझे सगळे नवे काम इन्स्टाग्रामवरचे फोटो पाहूनच येते. अलीकडे एका आईने तिच्या बाळाचा फोटो न विचारता टाकला म्हणून तीव्र नाराजी व्यक्त केली. फोटो मी काढला आहे, मग तो माझाच ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तसे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारी व्यक्ती असते. त्या आईची नाराजी केवळ भावनेची नाही. कायदाही तिच्याच बाजूने आहे. फोटो लगेच काढून टाका आणि फोन करून दिलगिरी व्यक्त करा.

यापुढे बुकिंगच्या वेळीच, आगाऊ रकमेच्या पावतीबरोबर, एक पानी मराठी करार ठेवा. त्यात फोटो जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी वेगळ्या सहीने घ्या, आणि चेहरा दिसणारे फोटो व फक्त हात-पाय दिसणारे फोटो असे दोन पर्याय द्या. अनेक आईवडील पहिल्याला नकार देऊन दुसऱ्याला होकार देतील, असा माझा अंदाज आहे. इवल्या पावलांचे, आजीच्या बोटाला धरलेल्या मुठीचे फोटो हीच तुमच्या पानाची खूण ठरली तर ते उलट चांगलेच, कारण चेहऱ्यांच्या गर्दीत ते वेगळे दिसेल. कोणाकडून मालकीच लिहून घेणार असाल, तर मुदत स्पष्ट लिहा. ती लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते.

प्रश्न : फोटोवर वॉटरमार्क किती मोठा असावा?
— एक वाचक, वाशी

उत्तर : शक्य तितका लहान. एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओ आपले नाव फोटोखालच्या पुठ्ठ्यावर छापत आणि पुष्कळदा मागच्या बाजूस सजवून देत. चेहऱ्यावर कोणी ते आडवे ठोकत नसे. चोरी रोखण्याचा उपाय म्हणूनही मोठा वॉटरमार्क फारसा कामाचा नाही, कारण तो आता सहज पुसता येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत छायाचित्रकाराचे नाव भरण्याची सोय असते आणि ते प्रत्येक फाइलच्या माहितीत आपोआप नोंदले जाते. ते एकदा भरून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती निघून जाते, म्हणून ग्राहकाला फाइल्स डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकनेच द्याव्यात.