एचआयव्हीवरची गोळी एकच असताना दोघांच्या तब्येतीत इतका फरक का पडतो?

आपल्या माहितीतील दोन एचआयव्हीबाधित व्यक्ती एकच औषध घेतात, तरी एकीची तब्येत ठणठणीत आहे आणि दुसरीची खालावत चालली आहे, यात घरच्या परिस्थितीचा खरोखर वाटा असतो का, असे आपण विचारले आहे. उपचार केंद्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर मी सांगेन की असतो, आणि पुष्कळदा तोच मोठा असतो.

औषधाविषयी आता शंका उरलेली नाही. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आला आणि मृत्यू झपाट्याने घटले. गोळ्या रोज घेतल्या की रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके कमी होतात, आणि ते तसेच राहिले तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्या नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते.

अडचण निदानापाशीच सुरू होते. चाचणीसाठी ज्याला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तो खोकला थांबेनासा होऊन वजन उतरल्यावरच येतो. तोवर सीडी-४ दोनशेच्या खाली गेलेल्या असतात, म्हणजे प्रतिकारशक्ती पार ढासळलेली असते, आणि क्षयरोग जडलेला असतो. एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक मृत्यू क्षयानेच होतात, आणि क्षय दाटीवाटीच्या घरांत व अपुऱ्या आहारावर फोफावतो. गरिबी अशी दोन्हीकडून घेरते. सुस्थितीतील माणसेही अब्रूच्या भीतीने चाचणी टाळतात, हेही मी पाहिले आहे.

एका बाईंचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला आला. कागदावर ‘औषध नियमित घेत नाही’ एवढीच नोंद होती. मी त्यांना गोळ्यांची बाटली घेऊन यायला सांगितले, तर आत गोळ्यांवर कापसाचा बोळा घट्ट दाबून बसवलेला होता. बाटली हलली की गोळ्या वाजतात आणि घरात कुणी ना कुणी विचारते, म्हणून. घरात माणसे असली की त्यांना बाटली बाहेर काढताच येत नसे, आणि असे खाडे वारंवार पडले की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. त्यांच्या बाबतीत सुदैवाने ती वेळ आली नव्हती. कामाच्या ठिकाणी, दुपारच्या सुट्टीत गोळी घ्यायची असे आम्ही ठरवले, आणि पुढच्या तपासणीत विषाणू आढळला नाही. औषध तेच होते, फक्त ते घ्यायला त्यांना जागा मिळाली.

म्हणून आपल्या माहितीतील त्या दुसऱ्या व्यक्तीला गोळ्या वेळेवर घेता का, असे विचारू नका. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. आसपास कुणी नसेल तेव्हा ‘बाटली कुठे ठेवता?’ एवढे विचारून पाहा.