कॅरोटिड: गाजर नव्हे, गुंगी

धंतोलीहून एका वाचकांनी विचारलंय: वडिलांना 'कॅरोटिड डॉपलर' (मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी) करायला सांगितलंय; या नावाचा कॅरटशी, म्हणजे गाजराशी काही संबंध आहे का? आणि मराठीत काय म्हणायचं?

गाजराशी संबंध नाही. सोन्याच्या कॅरटशीही नाही; तो एका शेंगेच्या बीवरून आला, आपली गुंज असते तसा. कॅरोटिडच्या मुळाशी ग्रीक 'कारोस' आहे, म्हणजे गुंगी, जड झोप. मानेतल्या या वाहिन्या दाबल्या की शुद्ध हरपते, यावरून ग्रीक वैद्यांनी त्यांना 'कारोटिडेस' म्हटलं.

इफेसस या प्राचीन ग्रीक शहरातला वैद्य रूफस ही व्युत्पत्ती देतो आणि लगेच तिच्यातली चूकही काढतो: गुंगी येते ती धमनी दाबल्यानं नव्हे, शेजारच्या चेता, म्हणजे नर्व्ह, दाबल्या जातात म्हणून. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्यानंही प्राण्यांवर प्रयोग करून धमन्यांना निर्दोष ठरवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आपल्या नागपुरात 'नस दबली' म्हणताना ती शीर, चेता की स्नायूचा दोर, हे कोण विचारतो? रूफसनं विचारलं, याचं मला कौतुक वाटतं.

तसे दोघेही अर्धेच बरोबर होते. या धमन्या मेंदूला रक्त पुरवतात हे तर आहेच. शिवाय धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे रक्तदाब जोखणारी जागा आहे. ती दाबली की ठोके मंदावतात, दाब उतरतो, भोवळ येते. करून बघू नका.

आता मराठी. सुश्रुतसंहितेत कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना 'नीला' आणि 'मन्या' ही मर्मं सांगितली आहेत. तिथे इजा झाली तर वाचा जाते, आवाज बिघडतो, चव कळत नाही. या मन्येपासूनच आपली 'मान' आली. पण 'नीला' आज अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला म्हणतात, त्यामुळे जुने शब्द इथे आणले तर घोळच होईल. घरी सरळ 'मानेची धमनी' म्हणा, डॉक्टरांपुढे कॅरोटिड.

रिपोर्टात 'सीसीए' दिसेल, ती मूळ धमनी. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी ती दुभंगते: 'ईसीए' चेहऱ्याकडे आणि डोक्याच्या कातडीकडे जाते, 'आयसीए' मेंदूकडे. डॉक्टरांना आधी विचारायचं ते या आयसीएबद्दल.