ताटात काय उरलं ते बघ

प्रिय पोरी,

तुझा निरोप परवा आला. "माझं येसर, खारोड्या, कुरडया अशा घरच्या पदार्थांचं ऑनलाइन दुकान सुरू झालंय, नक्की बघा आणि कसं वाटलं ते सांगा." आमच्या दुकानात गर्दी होती, मीही अंगठा पाठवून मोकळा झालो. काल तुझा फोन आला तेव्हा मात्र लाज वाटली. शंभरेक जणांनी "लई भारी" म्हटलं आणि ऑर्डरी आल्या तीन, त्यातली एक तुझ्या मावशीची.

यात लोकांचा दोष नाही गं, प्रश्नाचा आहे. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून फिरतो आणि विचारतो, "जेवण कसं झालंय?" आमटी खारट झालीय असं आजवर कुणी त्याच्या तोंडावर सांगितलंय का? सगळे "एक नंबर" म्हणतात आणि हात धुवायला उठतात. खरं कळतं ते उष्टी काढणाऱ्याला. कुणी काय चाटूनपुसून खाल्लं, कुणाच्या ताटात काय उरलं, सगळं त्याच्या समोर असतं. तू यजमानासारखं विचारलंस, म्हणून तुला पाहुण्यांसारखी उत्तरं आली.

माझं सगळं आयुष्य लातूरच्या गंज गोलाईच्या बाजारात भांडी विकण्यात गेलं. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. गिऱ्हाईक कुठल्या रस्त्यानं आलं, पायरीवर का थबकलं, घागर वाजवून खाली का ठेवली, हे सगळं मला गल्ल्यावरून दिसायचं. त्याला काही विचारावं लागत नव्हतं. २०२० साली टाळेबंदीत मुलानं आपलंही दुकान ऑनलाइन टाकलं आणि मी आंधळाच झालो. माणसं येत होती, जात होती, का जात होती ते कळत नव्हतं. मग मीही तुझ्यासारखंच केलं, दिसेल त्याला विचारत सुटलो. महिनाभर आमच्या घरात नावाच्या पाटीचा रंग तांबडा की तपकिरी यावर भांडणं झाली. त्या रंगानं एक तांब्या विकला गेला नाही.

उलगडा झाला तो औशाच्या वहिनी आल्या तेव्हा. सहज त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, "वहिनी, लेकीला एक तांब्याची कळशी पाठवा बरं यातून. पैसे मी देतो." वहिनींनी कळशी शोधली, नाव घातलं, पत्ता घातला, पिनकोड टाकला आणि थांबल्या. फोन वर केला, खाली केला. म्हणाल्या, "झालं वाटतं." झालं काहीच नव्हतं. पिनकोड टाकताना आकड्यांचा कीबोर्ड वर येऊन बसला होता आणि "पुढे जा"चं बटण त्याच्याखाली दडलं होतं. मुलगा दाखवायला पुढे झाला, मी त्याचा हात धरला. वहिनी अजून अर्धा मिनिट बघत राहिल्या, मग फोन ठेवून म्हणाल्या, "राहू द्या भावजी, सावकाश बघते. छान आहे पण दुकान." बघ, तरीही छानच!

म्हणून आता कुणाला मत विचारू नकोस, काम सांग. "पाव किलो येसर आणि दोन पाकिटं खारोड्या पुण्याच्या बहिणीला पाठवायच्यात, मागव." एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं. समोरचा चुकीच्या जागी बोट लावतो, आपल्याला "तिथं नाही, वर, वर" ओरडावंसं वाटतं. ओरडायचं नाही. रात्री अकरा वाजता नांदेडात कुणी तुझं दुकान उघडलं तर "वर, वर" म्हणायला तू तिथं असणार आहेस का? वहीत लिही: समोरचा कुठं थांबला, काय पुटपुटला, कुठून मागं फिरला. त्याचेच शब्द लिही, त्यांचं शुद्ध मराठी करू नकोस.

यासाठी शंभर माणसं लागत नाहीत. वेबसाइट लोकांना वापरायला देऊन तपासायची, यातच हयात घालवलेला जेकब नीलसन म्हणून एक जाणकार आहे. त्यानं २००० सालीच लिहून ठेवलंय की एका फेरीला पाच माणसं पुरतात. बऱ्याचशा अडचणी त्यांच्यातच वर येतात, पुढं त्याच त्या दिसायला लागतात. पाचांनी दाखवलेलं दुरुस्त करायचं, मग नवे पाच बसवायचे.

माणसं कोणती घ्यायची हे मात्र नीट ठरव. काल फोन ठेवल्यावर मी एक उद्योग केला. आमच्या वरच्या खोलीत नीटच्या शिकवणीसाठी आलेली कोकणातली पोरगी राहते. तिला तुझं दुकान उघडून दिलं. येसरच्या पानावर तू लिहिलंयस, "अस्सल, पारंपरिक, आईच्या हातची चव." तिनं ते दोनदा वाचलं, फोटो मोठा करून बघितला आणि मला विचारलं, "काका, हा फेसपॅक आहे का?" हसू नकोस. मुलतानी मातीसारखा तपकिरी ढीग, शेजारी एक फूल. तिची काय चूक? धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी करतात, हे त्या अख्ख्या पानावर कुठंच नाही. तुझ्या शंभर कौतुकवाल्यांना हे दिसणंच शक्य नव्हतं, कारण ते सगळे येसर खात मोठे झालेत. तेव्हा पाचांत दोन जण असे घे ज्यांनी येसर कधी ऐकलेलंही नाही. दोन आपल्याकडचे, पण पुण्या-मुंबईला राहणारे, घरची चव आठवणारे. आणि एक असा, ज्याचे ऑनलाइन खरेदीत एकदा तरी पैसे बुडालेत. तो पाचवा तुझ्या पानावर पत्ता शोधेल, फोन नंबर शोधेल, पाकिटावरचा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर शोधेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव द्यावंच लागतं, ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याच्या आत निवारणही करावं लागतं. तुझ्या पानावर यातलं काही मला सापडलं नाही. ते आजच टाक, त्यासाठी कुणाच्या मताची वाट बघू नकोस.

"तुम्ही हे घ्याल का?" असंही विचारू नकोस. सगळे घेणारच असतात. मागच्या वेळचं विचार: मसाला शेवटी कुठून मागवला, केवढ्याला पडला, पोचायला किती दिवस लागले, पाकीट फुटलं होतं का. झालेल्या गोष्टीत माणूस सहसा खोटं बोलत नाही.

लोक आजार सांगायच्या आधी औषध सांगतात, हेही ध्यानात ठेव. कुणी म्हणेल, फोटो मोठा टाक. लगेच फोटो मोठा करायचा नाही, "काय दिसलं नाही?" असं विचारायचं. बहुतेक वेळा त्यांना पाव किलोत किती माणसांची आमटी होते तेवढंच हवं असतं. ते एका ओळीत लिहिता येतं.

ज्यांना गिऱ्हाईक समजत नाहीस त्यांनाही विचार. तुझ्या कुरिअरवाल्याला कुरडयांचं खोकं दाखव. बरेच कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं सहा किलोचं धरलं जातं, आत कुरडया किलोभर असल्या तरी! काल तू म्हणालीस ना, लोक कार्टमध्ये टाकतात आणि शेवटच्या पानावरून परत जातात? शेवटच्या पानावरच त्यांना पहिल्यांदा कुरिअरचा खर्च दिसतो. १८० रुपयांच्या पाकिटावर ९० रुपये बघून मीही मागं फिरलो असतो. याला चांगला फोटो काय करणार? खोकं लहान कर, नाहीतर खर्च पहिल्याच पानावर सांगून टाक.

आणि वाद घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, कुणी काही म्हटलं की "नाही काका, त्याचं असं आहे" सुरू होतं. एकदा समजावून सांगितलंस की तो माणूस दुसऱ्यांदा खरं बोलत नाही.

रविवारी दुपारी घरी ये. तुझ्या काकूनं अजून दुकान उघडून बघितलेलं नाही, मीच बघू दिलं नाही. तिच्या हातात फोन देऊ. तू शेजारी बसायचं नाहीस, समोर बसायचं, वही घेऊन. आणि येताना येसरचं पाकीट आणू नकोस, तिला पैसे देऊन मागवू दे.

तुझा,
भांडीवाला काका
लातूर