बर्चच्या बिया दोनदा लावल्या, एकही उगवली नाही. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की पाकिटातल्या बिया दोनदा लावल्या, दर वेळी बोटाच्या पेरभर मातीखाली, रोज पाणी घातलं, आणि दोन महिने वाट पाहूनही एक कोंब दिसला नाही. बियाच खराब होत्या का, असं तुम्ही विचारताय. काही असतीलही, पण माझा पहिला संशय त्या पेरभर मातीवर आहे. बर्चची बी मातीने झाकायची नसते. माझ्याही पहिल्या वर्षीच्या सगळ्या बिया याच कारणाने गेल्या.

बी एकदा तळहातावर घेऊन नीट पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा चपटा दाणा आणि दोन्ही बाजूंना पातळ पंख. एका ग्रॅममध्ये अशा हजारो बिया मावतात. एवढ्याशा दाण्यात साठवलेलं अन्न नावापुरतं असतं, त्यामुळे जाड थर फोडून वर यायचं बळ त्या कोंबात नसतं. शिवाय बर्च हे उघड्या जमिनीवर सर्वांत आधी येणारं झाड आहे: दरड कोसळलेली जागा, वणव्यानंतरची जमीन, हिमनदी मागे सरकल्यावर मोकळा पडलेला गाळ. डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली नाही याची खूण बीला प्रकाशातून मिळते. थंडी न लागलेली बी अंधारात ठेवली तर ती बहुधा नुसती पडून राहते.

थंडीचं काम इथे येतं. बहुतेक जातींच्या बिया शरद ऋतूत पिकून गळतात, ओल्या थंड जमिनीवर हिवाळा काढतात आणि वसंतात उगवतात. हा हिवाळा आपण फ्रिजमध्ये घडवू शकतो. कोरड्या पाकिटासकट बिया फ्रिजमध्ये ठेवल्या तर त्या चांगल्या टिकतात, पण त्यांची झोप मोडत नाही. त्यासाठी थंडीच्या जोडीला ओल लागते.

मी करतो ते असं. उथळ ट्रेमध्ये कोकोपीट आणि बारीक वाळू अर्धी-अर्धी भरतो, तळव्याने सपाट दाबतो आणि ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू देतो. वरचा थर ओला दिसला की बाहेर काढून निथळू देतो. मग बिया चिमटीने वर भुरभुरवतो. थोड्या कोरड्या वाळूत मिसळून घेतल्या तर एका जागी ढीग पडत नाही. त्यानंतर फक्त हलकेच दाबायचं, म्हणजे बी ओल्या मिश्रणाला चिकटते. फार तर वाळूची इतकी विरळ भुरभुर की बिया खालून दिसत राहतील. सगळा ट्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतो आणि चार ते सहा आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. फ्रीजरमध्ये ठेवू नका. दर आठवड्याला उघडून ओल तपासा. ही बी भिजून फुगल्यावर वाळली तर मरू शकते.

बाहेर काढल्यावर भरपूर उजेड द्या, पण थेट दुपारचं ऊन नको. पंधरा ते बावीस अंश तापमान पुरतं. साधारण दहा दिवसांत पहिले कोंब दिसू लागतात, मागे राहिलेले तीन-चार आठवडेही घेतात. जेमतेम डोळ्यांना दिसतील अशी दोन गोल दलं आधी येतात, आणि कातरलेल्या कडांचं खरं पान त्यानंतर. इथे धीर धरा. पहिले काही आठवडे रोप वाढतच नाही असं वाटतं, तेव्हा ते खाली मूळ धरत असतं.

याच काळात सर्वांत जास्त रोपं हातची जातात. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी देठाशी काळं पडून आडवं झालेलं दिसतं. ही बुरशी दमट, कोंडलेल्या हवेत पसरते. कोंब दिसले की पिशवी रोज थोडी जास्त उघडायची, पाणी नेहमी खालूनच द्यायचं आणि रोपांची दाटी असेल तर विरळ करायची. झारीने वरून पाणी अजिबात नको, एका धारेत अर्धा ट्रे वाहून जातो.

आता बियांच्या दर्जाबद्दल. बर्चमध्ये पोकळ बिया खूप निघतात. परागण वाऱ्याने होतं आणि स्वतःच्याच परागांवर झाड क्वचित फळतं. एकाकी झाडाच्या तुऱ्यांमध्ये बिया दिसतात भरघोस, पण आत गर्भ नसतो. बी उजेडासमोर धरा: मधला भाग गडद दिसला तर भरलेली, आरपार दिसला तर पोकळ. पाकिटात पक्ष्याच्या आकाराचे तीन टोकांचे कपटेही असतात, त्या बिया नव्हेत, तुऱ्यातले खवले आहेत. पुढच्या वेळी स्वतः गोळा करणार असाल तर दोन-चार बर्च जवळजवळ असतील तिथले तुरे हिरव्याचे तपकिरी होताना, पण फुटायच्या आत काढा आणि कागदी पिशवीत वाळवा.

तीन-चार खरी पानं आली की रोप पानाला धरून, देठाला न चिमटता, लहान कुंडीत हलवा. जवळपास मोठा बर्च असेल तर त्याच्या बुंध्याखालची मूठभर माती कुंडीत मिसळा. या झाडाच्या मुळांचं काही अळंब्यांशी सख्य असतं. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अळंबी बर्चखाली उगवते ती त्यामुळेच.

पांढऱ्या सालीसाठीच हा खटाटोप असेल तर आधीच सांगतो, कोवळ्या रोपाची साल तपकिरी असते आणि पांढरी व्हायला काही वर्षं जातात. ज्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले तो हिमालयातला भूर्जही याच कुळातला, आणि भूर्ज व बर्च हे शब्दही एकाच मुळातून आलेले. मला हे झाड जवळचं वाटण्याचं तेही एक कारण आहे.

पाकिटावर जातीचं नाव काय आहे ते मात्र कळवा. बेटुला निग्रा, म्हणजे नदीकाठचा बर्च, असेल तर वरचं फ्रिजचं सगळं सोडून द्या. त्याच्या बिया वसंताच्या अखेरीस पिकतात आणि ताज्या असतील तर थंडीशिवाय लगेच रुजतात. बर्चांमध्ये उन्हाळा सोसायलाही तोच सर्वांत काटक. बेटुला पेंड्युला, म्हणजे रुपेरी बर्च, किंवा भूर्ज असेल तर उरलेल्या बियांचा ट्रे हिवाळा सरायच्या सहा आठवडे आधी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कोंबांना पुढे वाढीचा पूर्ण हंगाम मिळेल.