गोणीवरचं ‘मलावी’

प्रश्न : वाशीच्या दाणाबंदरात (घाऊक धान्य बाजारात) तुरीच्या गोणीवर ‘मलावी’ छापलेलं पाहिलं. हा देश कुठे? तिथे बंदर आहे का?
– एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, दाणाबंदरात माझी तीस वर्षं गेली. ते लालसर दाणे तळहातावर घेतले की मला मलावीतला शेतकरीच आठवतो. तो मक्याच्या ओळींमध्ये तूर पेरतो, अगदी आपल्या विदर्भात कपाशीत पेरतात तशी! तिला तिकडे ‘नांदोलो’ म्हणतात.

मलावी म्हणजे आफ्रिकेतलं, १९६४ पर्यंतचं ब्रिटिश न्यासालँड. झांबिया, टांझानिया, मोझांबिक हे शेजारी. सुमारे ५८० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, पण समुद्र नाही. म्हणून माल मोझांबिकच्या नकाला किंवा बैरा बंदरातून निघतो. त्या वाहतुकीचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्याच्याच माथी बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.