बीटने हिमोग्लोबिन वाढतं का, आणि लाल लघवीचं काय

ताई, मुलीचं हिमोग्लोबिन ९.२ आलं म्हणून तुम्ही पंधरा दिवस रोज ग्लासभर बीटचा ज्यूस देताय आणि काल तिला लाल लघवी झाली म्हणून घाबरलात. आधी लघवीचं सांगते. बीटचा लाल रंग काही जणांच्या पोटात पूर्ण मोडत नाही, तसाच बाहेर पडतो, दहातल्या एकाला तरी असं होतं, आणि अंगात लोह कमी असेल तर जास्तच. बीट थांबवा, दोन दिवसांत रंग गेला नाही किंवा जळजळ, ताप असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता हिमोग्लोबिन. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना, पण १०० ग्रॅम बीटमध्ये लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, भरपूर असतं, तेही रक्ताला लागतं, पण त्याने लोहाची कसर भरून निघत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ८.४ होतं, आई दोन महिने रोज बीट किसून द्यायची, किसणी, ओटा, तिची बोटं सगळं गुलाबी, आणि परत तपासलं तर ८.६! लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा कुठे तीन महिन्यांत ११ च्या वर गेलं. त्यामुळे प्लीज, ज्यूसवर अजून दिवस घालवू नका, डॉक्टरांना विचारून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, गोळी दिली तर लिंबूपाण्याबरोबर द्या, चहाच्या आसपास अजिबात नको. शी काळी झाली तर ती गोळीमुळे, घाबरू नका.

सासूबाईंच्या बीपीचं विचारलंय, तिथे बीटचा खरंच थोडा उपयोग होतो. त्यातल्या नायट्रेटवर तोंडातले जिवाणू काम करतात, पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणूनच सारखं माउथवॉश वापरणाऱ्यांना तेवढा गुण येत नाही. पण बीपीची गोळी बंद करायची नाही हां. आणि त्यांना पूर्वी मुतखडा झाला असेल तर ज्यूस नकोच, बीटमध्ये ऑक्झलेट खूप असतं, किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळेही जपावं लागतं.

खायचंच तर कोशिंबीर करा, दाण्याचं कूट, दही, वरून जिऱ्याची फोडणी, वाटीभर पुरे. ज्यूस गाळला की चोथा जातो आणि उरतं ते गोड पाणी. फेरिटिन किती आलं ते मला नक्की कळवा.